पॅरोल, शब्द आणि जामीनदार

'शॉशँक रिडेम्पशन' न पाहिलेला इंजिनिअर मला अजून भेटायचाय. त्यातला मॉर्गन फ्रीमन वीस, तीस आणि चाळीस वर्षांनी पॅरोल बोर्डासमोर बसतो, आठवतंय ना? आपलं पॅरोलबद्दलचं बहुतेक सगळं ज्ञान तिथूनच आलेलं असतं. त्यामुळे 2013 नंतर संजय दत्त येरवड्यातून आत-बाहेर करायला लागला तेव्हा "सुटला पण?" आणि "मग परत का गेला?" हे दोन्ही प्रश्न लोक एका दमात विचारायचे.

तर आधी हा गोंधळ निस्तरू. अमेरिकेतला पॅरोल म्हणजे शिक्षेचा उरलेला भाग तुरुंगाबाहेर, देखरेखीखाली काढणं. पॅरोल ऑफिसरकडे हजेरी लावायची, परवानगीशिवाय दुसऱ्या राज्यात जायचं नाही, अट मोडली तर पुन्हा आत. आपल्याकडचा पॅरोल म्हणजे रजा. ती संपली की स्वतःच्या पायांनी तुरुंगाच्या दारात हजर व्हायचं. त्याचे नियम 1959 मध्ये, जुन्या मुंबई राज्यात झाले. पुढच्याच वर्षी राज्याचे दोन भाग झाले आणि तेच नियम महाराष्ट्र आणि गुजरात दोघांकडेही गेले. नंतर त्यात बरेच बदल झाले, पण त्यांनी घालून दिलेला साचा समजून घेण्यासारखा आहे.

रजा दोन प्रकारची. फर्लो म्हणजे संचित रजा. ठरावीक शिक्षा भोगून झाली आणि वागणूक बरी असली की ती मिळू शकते, खास कारण लागत नाही. ते दिवस शिक्षेतच धरले जातात. पॅरोल म्हणजे अभिवचन रजा. घरातला मृत्यू, लग्न, गंभीर आजार, बायकोचं बाळंतपण, पुरात घर पडणं अशा कारणांसाठी. हे दिवस शिक्षेत धरत नाहीत, नंतर भरून द्यावे लागतात. थोडक्यात, फर्लो ही आपली पीएल आणि पॅरोल म्हणजे लॉस ऑफ पे!

बाहेर असताना दिलेल्या पत्त्यावरच राहायचं, परवानगीशिवाय हद्द सोडायची नाही, सांगितलं असेल तर पोलीस ठाण्यात हजेरी द्यायची, वाईट संगतीला लागायचं नाही. परतायला उशीर झाला तर शिक्षेतली माफी कापली जाते आणि पुढची रजा धोक्यात येते. हे सगळं मला पटतं.

"पण गुन्हेगाराला रजा हवीच कशाला?" हा प्रश्नही रास्त आहे. ज्याच्यावर गुन्हा घडलाय त्याच्या गल्लीत आरोपी परत दिसला तर त्याला काय वाटेल? म्हणून तर पोलिसांचा अहवाल मागवतात. फर्लो हा कैद्याचा निर्विवाद हक्क नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही 2021 मध्ये स्पष्ट केलंय. पण दहा-बारा वर्षं आत राहिलेला माणूस कधीतरी बाहेर येणारच असतो. तेव्हा त्याला घर, मुलं, गाव ओळखीचं राहिलेलं असावं की सगळं तुटलेलं असावं? मला विचाराल तर पहिलं. रजेत त्याच्यापेक्षा आपला स्वार्थ जास्त आहे.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. 1959 च्या नियमांत अट अशी होती की कैद्याला ठेवून घ्यायला तयार असलेला नातेवाईक हवा आणि त्याने जामीनदार म्हणून ठरलेल्या रकमेचा बाँडही लिहून द्यायला हवा. नसेल तर फर्लो नाही. आता बघा, ज्याच्या मागे वकील आहे, बंगला आहे, त्याला ही अट म्हणजे एक सही. ज्याची आई गावात मोलमजुरी करते आणि भावाने नाव टाकलंय, त्याची वागणूक सोन्यासारखी असली तरी अर्ज तिथेच अडकतो. तपासायचं काय होतं? हा माणूस परत येईल का. तपासलं काय? याच्या मागे कोणी आहे का. आमच्या भाषेत, चुकीचा व्हेरिएबल चेक केला.

कोविडमध्ये असाच एक बग निघाला. गर्दी कमी करायला राज्याने मे 2020 मध्ये आपत्कालीन पॅरोल आणला. सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षा होऊ शकणाऱ्या गुन्ह्यातल्या कैद्याला अट घातली, मागच्या दोन सुट्यांमधून वेळेवर परतलेला हवा. मग जो कधी सुटलाच नाही त्याचं काय? शून्य रेकॉर्ड म्हणजे नापास, असा अर्थ लावून अर्ज फेटाळले गेले. शेवटी मुंबई उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की आधी कधी बाहेर न गेलेल्याला त्याच कारणाने नाकारता येणार नाही. ज्युनिअर टेस्टरनेही पहिल्या दिवशी पकडली असती अशी ही केस. फक्त इथे क्रॅश झालं ते कोणाचं तरी आयुष्य.

माझं म्हणणं एवढंच. अटी कडक ठेवा, हजेरी रोज लावा, पण जामीनदार नाही म्हणून दार बंद करू नका. वागणूक चांगली असेल तर वैयक्तिक बाँडवर, आधी थोड्या दिवसांसाठी सोडा. वेळेवर आला तर पुढच्या वेळी जास्त दिवस. विश्वास असाच तयार होतो.

फ्रेंचमध्ये 'पॅरोल'चा अर्थच मुळी शब्द, वचन. आपल्या सरकारी मराठीनेही 'अभिवचन' हा नेमका शब्द निवडलाय. शब्द तर कैद्याने द्यायचाय ना? मग तो घेताना आपण त्याच्या भावाचा सातबारा का बघतो?

बघा, पटतंय का.