पऱ्हाटी उभी, काम अर्धे



शेवटची वेचणी झाली की आपण म्हणतो, हंगाम संपला. पण पऱ्हाटी उभी आहे तोवर कपाशीचे काम अर्धेच असते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्याने याची किंमत मोजली. गुलाबी बोंडअळीने बोंडे आतून पोखरली, आणि त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेने विसाहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले.

फवारणी हे पहिले काम नव्हे. पहिले काम मोजण्याचे. पेरणीनंतर ४५ दिवसांनी एकरी दोन कामगंध सापळे लावा. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ-आठ पतंग अडकले, किंवा शेतभर फिरून तोडलेल्या २० हिरव्या बोंडांपैकी दोनांत जिवंत अळी निघाली, तर पंप उचलायचा. बोंड बाहेरून धडधाकट दिसते, म्हणून फोडूनच पाहावे लागते. हे शिकायला शाळा लागत नाही. जाणत्या शेजाऱ्याबरोबर दोन सकाळी फिरले की घरातली पोरेही मोजू लागतात. दुकानदाराला विचारून फवारणारा मात्र दुकानदाराच्या फायद्याचेच शिकतो.

ज्वारीचेही तसेच. पेरणीजोगा पाऊस झाल्यावर आठ-दहा दिवसांत पेरली तर खोडमाशीच्या तडाख्यातून बरीचशी सुटते. औत एकच असेल तर आधी कोणते रान, हे पाऊस यायच्या आधी घरात ठरलेले असावे.

डिसेंबरअखेर कपाशी काढा, फरदड घेऊ नका, असे कृषी खाते सांगते. सल्ला बरोबर आहे. पण फरदड कोणी हौसेने ठेवत नाही. कापसाच्या भावात खर्च निघाला असता तर उरल्यासुरल्या बोंडांसाठी कोण थांबले असते? पऱ्हाटी उपटण्याची मजुरी कोणी द्यायची, हे त्या सल्ल्याच्या कागदावर नसते.

तरीही काम टाळून चालत नाही, कारण पतंग बांध ओळखत नाही. माझी पऱ्हाटी निघाली आणि शेजाऱ्याची उभी राहिली, तर माझी मजुरी वाया. उपटून सरपणासाठी घरामागे रचली, तरी किडक्या बोंडांत अळी सुप्त पडून राहते आणि पुढच्या पावसाळ्यात पतंग होऊन शेतात परतते.

म्हणून आजच्या बैठकीतून उठण्याआधी प्रत्येक गावाने दोन गोष्टी लिहून द्याव्यात. शिवारातली शेवटची पऱ्हाटी कोणत्या तारखेला निघणार, आणि ज्याच्याकडे मजुरीला पैसा नाही त्याच्या रानात कोण कोण जाणार.