सैल स्टिअरिंग आणि लांबणीवर पडणारी दुरुस्ती

मोटारींच्या सुट्या भागांवरील वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून सरसकट १८ टक्के झाला. त्यापूर्वी बहुतेक भागांवर तो २८ टक्के होता. या निर्णयाची चर्चा नव्या गाड्यांच्या किमतींपुरतीच राहिली. वास्तविक त्याचा लाभ जुनी गाडी वापरणाऱ्यालाही आहे, विशेषतः स्टिअरिंगच्या दुरुस्तीत. ब्रेक लागेनासा झाला की गाडी त्याच दिवशी गॅरेजमध्ये जाते. स्टिअरिंगची ढिलाई मात्र महिनोन्‌महिने चालवून घेतली जाते.

छत्तीसगडमधील भिलाईसारख्या शहरात हे अधिक धोक्याचे ठरते. १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटलेल्या पोलाद कारखान्याभोवती हे शहर वाढले. शहराच्या कडेला असलेल्या जुनवानी भागातून निघालेली मोटार थोड्याच वेळात नागपूर-रायपूर राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ वरील अवजड मालमोटारींच्या रांगेत येते. वस्तीतील रस्त्यावर न जाणवलेला दोष तेथे उघड होतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर अंतर कापते. चालकाने चक्र फिरवल्यानंतर चाके वळण्यास किंचितही विलंब झाला, तर शेजारची मार्गिका दूर नसते.

झीज बहुधा टायरॉड एंड आणि बॉल जॉइंट या सांध्यांपासून सुरू होते. त्यांवरचे रबरी टोपण फाटले की आत पाणी व धूळ शिरते, वंगण जाते आणि सांधा सैल होतो. गाडी एका बाजूला ओढू लागते, खड्ड्यात खडखडाट ऐकू येतो, टायर एका कडेने झिजतात. या टप्प्यावर छोट्या मोटारीचे काम काही शे ते दोन-तीन हजार रुपयांत भागते, व्हील अलाइनमेंटसह. टाळाटाळ केल्यास टायर अकाली बाद होतात. पुढे रॅक किंवा विजेवर चालणारे पॉवर स्टिअरिंग बदलण्याची वेळ आली, तर खर्च दहा हजारांच्या पुढे सहज जातो. ‘सावकाश चालवले की झाले’ हा समज तर विशेष घातक आहे. झिजलेला सांधा सुटण्यासाठी वेग लागत नाही. एखादा दणका किंवा पूर्ण वळवलेले चाकही पुरेसे असते.

कायदा या बाबतीत मुका नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ नुसार स्टिअरिंग चक्राची ढिलाई ३० अंशांपेक्षा अधिक असता कामा नये आणि बॉल जॉइंटवर रबरी टोपण असले पाहिजे. ही मर्यादाही उदारच म्हणावी लागेल. साध्या मोटारीत ३० अंश म्हणजे चक्राच्या कडेवर जवळपास दहा सेंटिमीटर.

प्रश्न तपासणीचा आहे. मालमोटारी आणि प्रवासी वाहनांना ठरावीक मुदतीने योग्यता प्रमाणपत्र, म्हणजेच रूढ भाषेत पासिंग, घ्यावे लागते. खासगी मोटारीची नोंदणी मात्र १५ वर्षांसाठी असते आणि नूतनीकरणापर्यंत तिचे स्टिअरिंग तपासण्यास कोणी बांधील नाही. अवजड वाहनांसाठी स्वयंचलित केंद्रांतील तपासणी सक्तीची करण्याची मूळ तारीख १ एप्रिल २०२३ होती. ती १ ऑक्टोबर २०२४ पर्यंत पुढे ढकलण्यात आली.

दोष कारखान्यातूनही येऊ शकतो. जुलै २०२३ मध्ये मारुती सुझुकीने एस-प्रेसो आणि ईको या मॉडेलच्या ८७,५९९ गाड्या टायरॉडमधील संभाव्य दोषामुळे परत मागवल्या. अशी दुरुस्ती विनामूल्य असते. गाडी दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे गेली असल्यास कंपनीचा निरोप त्याच्यापर्यंत पोहोचतोच असे नाही. जुनी गाडी घेताना चासी क्रमांकावरून ही चौकशी करून घेणे शक्य आहे. ती फारसे कोणी करत नाही.

अपघातानंतर ‘यंत्र बिघडले’ एवढे म्हणून मालकाची सुटका होत नाही. मिनू बी. मेहता विरुद्ध बाळकृष्ण रामचंद्र नयन या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच स्पष्ट केले की, दोष सुप्त होता आणि वाजवी काळजी घेऊनही तो सापडला नसता, हे मालकाने सिद्ध केले पाहिजे. खडखडणारे स्टिअरिंग सुप्त दोषात बसवणे अवघड आहे. स्वतःच्या गाडीचा विमाही नैसर्गिक झिजेचा खर्च देत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली सदोष वाहन रस्त्यावर आणल्याबद्दल १,५०० रुपयांपर्यंत दंड आहे. त्यातून कोणी जखमी झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.