शोधण्याची मजुरी

मोटारसायकलच्या गिअर बॉक्समधून तेल गळू लागले की आपल्याकडे एक ठराविक वाक्य ऐकायला मिळते : "जुनी गाडी आहे, गळायचीच. मधूनमधून तेल टाकत जा." हे वाक्य मालक बोलतो, मिस्त्री बोलतो आणि शेजारी उभा असलेला तिसराही बोलतो. माझा या वाक्यावर राग आहे. गाडी म्हातारी झाली म्हणून गळत नाही. गळण्याचे कारण कोणी शोधत नाही म्हणून गळते. आणि शोधत का नाही, याचे उत्तर यंत्रशास्त्रात नसून आम्हा वाणिज्य शाखेवाल्यांच्या विषयात आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

हे मत बनले ते गेल्या सुट्टीत, माळव्यात. माझे मामा देवासला एका कारखान्यात नोकरीला आहेत. देवास आणि धार ही दोन्ही पवारांची जुनी संस्थाने. त्यामुळे तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी घरे आजही आहेत. बेळगावकरांना देवास परके वाटण्याचे तर कारणच नाही. सुळेभावीला १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व १९४८ मध्ये देवासला गेले आणि १९९२ मध्ये वारले तेही तिथेच. मामांची येझदी मात्र उलट्या चालीची. ती आपल्या कर्नाटकातली, म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. हा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. पुढे २०१८ पासून जावा हे नाव पुन्हा बाजारात आले, तेव्हा नव्या गाड्या बनू लागल्या त्या धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला. देवासला तर गजरा गिअर्ससारखा नुसती दातेरी चक्रे घडवणारा कारखाना आहे. म्हणजे गिअर देवासला बनतात, मोटारसायकल धार जिल्ह्यात बनते, आणि मामांच्या गाडीखाली रोज सकाळी रुपयाएवढा काळा डाग!

मामा दर आठवड्याला कामानिमित्त देवासहून इंदूरमार्गे धारला जातात, म्हणजे एका बाजूने शंभर किलोमीटरच्या आसपास. तेल मागच्या टायरवर उडत होते. त्या रस्त्यावर ट्रकांची काय गर्दी असते ते पाहिलेल्याला यातला धोका समजावून सांगायला नको. मामींनी "ही गाडी विका तरी, नाहीतर मला मागे बसवू नका" असा निर्वाणीचा इशारा दिला होता. त्यापूर्वी एका गॅरेजमध्ये दोनदा स्प्रॉकेटमागचे ऑइल सील बदलून झाले होते. दोन्ही वेळा काही आठवडे बरे गेले आणि डाग परत हजर.

धारला एक वयस्कर मिस्त्री आहेत. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. त्यांनी गाडीला हात लावण्याआधी विचारले, "रिस रहा है, या टपक रहा है?" मला हा प्रश्न फार आवडला. आपल्या मराठीतही पाझरणे, ठिबकणे आणि गळणे हे तीन वेगळे शब्द आहेत, पण गॅरेजमध्ये आपण सगळ्याला 'लीक' म्हणून मोकळे होतो. (कन्नडमध्ये सोरिके म्हणतात, माझा कन्नड विभागातला मित्र म्हणतो की त्यांचेही हल्ली 'लीक'च झाले आहे.) पाझर बहुधा पॅकिंगचा किंवा सैल स्क्रूचा, म्हणून तो जोडाच्या रेषेवर ओलसर पसरतो. सील फाटले तर थेंब पडतो, आणि तोही बहुधा गाडी तापल्यावर, कारण तापलेले तेल पातळ होते.

मग त्यांनी काही खोलले असेल म्हणता? अजिबात नाही. रॉकेल व ब्रशने इंजिनचा खालचा भाग स्वच्छ धुतला, कोरडा केला आणि त्यावर चक्क टाल्कम पावडर उडवली. "दस-बारा किलोमीटर चलाके लाओ." परत आल्यावर पांढऱ्या पावडरवर तेलाची वाट नकाशातल्या नदीसारखी उमटली होती. तेल खाली ओघळते आणि वाऱ्याने मागे जाते. त्यामुळे जिथे थेंब लोंबतो तिथे गळती नसते. ती असते त्याच्या वर आणि पुढे. आधीच्या गॅरेजने न धुताच सगळ्यात ओली जागा पाहून निदान केले होते. जागा बरोबर निघाली, पण कारण राहून गेले.

गिअर बॉक्सला हवा जाण्यायेण्यासाठी एक श्वासछिद्र असते. ते चिखलाने बुजले, किंवा तेल खुणेपेक्षा जास्त भरले, तर तापल्यावर आतला दाब चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलतो. उस्तादांनी ते आधी तपासले, मोकळे होते. ड्रेन बोल्टखालचा वायसर पाहिला. येझदीत एकाच दांड्याने गिअरही पडतो आणि तोच फिरवून किकही मारता येते. त्याचा दांडा कव्हरमधून बाहेर येतो ती जागा पाहिली. तीही कोरडी. मग स्प्रॉकेट दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवले, आणि ते हलले.

इथे सारा उलगडा झाला. शाफ्टचे बेअरिंग झिजले होते. डगमगणाऱ्या शाफ्टभोवती सीलची रबरी कड टिकणार कशी? नवे सील घाला, शाफ्ट ते खाऊन टाकणार. आणि बेअरिंग का झिजले? साखळी फार ताणलेली होती म्हणून. जुन्या येझदीची साखळी संपूर्ण झाकलेली असते, त्यामुळे ताण डोळ्यांना दिसत नाही. गाडी स्टँडवर उभी करून साखळी आवळली तर ती ठीक वाटते. पण मामा आणि मामी दोघे बसले की मागचे चाक वर दबते, दोन स्प्रॉकेटमधले अंतर वाढते आणि तीच साखळी बेअरिंगला ओढू लागते. इंजिन उघडावे लागले आणि दोन दिवस गेले. बेअरिंग बदलले, शाफ्टवर जुन्या सीलने पाडलेली बारीक खाच होती, म्हणून नवे सील केसभर बाजूला बसवून त्याची कड गुळगुळीत भागावर आणली. कडेला आधी तेलाचे बोट लावले. कव्हर काढताना जोडात पेचकस घालून उचकटले नाही, कारण ॲल्युमिनियमवर तो ओरखडा पडला की नव्या पॅकिंगमधूनही पाझर सुरू. साखळीला शेवटी दोघांच्या वजनाचा हिशोब धरून ढील दिली.

उस्तादांनी आणखी एका गळतीची गोष्ट सांगितली. ती हिशोबनीस मंडळींना जास्त भावेल. टू-स्ट्रोक गाडीत गिअर बॉक्सचे तेल आणि इंजिनची पोकळी यांच्यामध्ये क्रँकच्या टोकाला एक सील असते. ते गेले तर इंजिन गिअरचे तेल आत ओढून जाळते. जमिनीवर एक थेंब नाही, पण पातळी मात्र उतरत जाते. खर्च झाला, पण रोजमेळात नोंद नाही! ती नोंद शोधायची सायलेन्सरच्या दाट पांढऱ्या धुरात आणि तेलकट प्लगवर. कधी उलटे होते : पेट्रोल गिअर बॉक्समध्ये शिरते, पातळी वाढते आणि तेलाला पेट्रोलचा वास येतो. नव्या पीथमपुरी जावा फोर-स्ट्रोक आणि पाण्याने थंड होणाऱ्या आहेत. तिथे थेंब तेलाचा की कूलंटचा, हे बोटावर घेऊन पाहण्यापासूनच सुरुवात करावी लागते. गाडी बदलली तरी आधी पाहावे लागतेच.

आता बिलाकडे येतो. आधीच्या दोन बिलांत काय होते? 'सील, पॅकिंग, फिटिंग.' सीलची किंमत इंदूरच्या दोन-चार प्लेट पोहे-जिलेबीइतकी. धुणे, पावडर, फेरी, पाहणे यांत गेलेल्या दीड तासाला कुठल्याच बिलात ओळ नसते. वस्तूचे पैसे आपण बिनतक्रार देतो, पाहण्याचे मागितले की "नुसते बघायचे पैसे?" म्हणून भांडतो. मग मिस्त्रीने काय करावे? त्याचे भाडे आणि पोऱ्याचा पगार भाग बदलण्यातूनच निघणार असेल, तर तो भागच बदलणार. त्याला अडाणी किंवा लबाड ठरवणे सोपे आहे, पण दरपत्रक आपण लिहिलेले आहे. कॉस्टिंगच्या तासाला आम्ही जॉब-कार्डावर प्रत्यक्ष श्रमाचा रकाना आखतो. गॅरेजच्या वहीत तो रकाना फक्त पाना फिरू लागल्यावर उघडतो. डॉक्टरांना तपासणी फी देणारे आपण, न लिहून दिलेल्या गोळीचे पैसे परत मागत नाही.

यावर माझ्या एका प्राध्यापकांचा आक्षेप असा, की शोधण्याची मजुरी सुरू झाली तर काही जण नुसते बघायचेच पैसे उकळतील. उकळतील, नाकारत नाही. म्हणून मजुरीबरोबर दाखवण्याची अट हवी : पावडरवरची वाट दाखवा, हलणारे स्प्रॉकेट माझ्या हातात द्या, मगच खोला. न पाहता बदललेल्या दोन सीलांपेक्षा तरी हे स्वस्त पडेल. मामांनी दोन वेळा दिलेली मजुरी, वाया गेलेले तेल आणि बुडालेल्या दोन रजा यांची मी बेरीज केली. उस्तादांचे बिल बेअरिंग धरूनही त्यापेक्षा थोडे कमीच भरले.

त्या बिलावर 'जाँच' अशी एक वेगळी ओळ होती. मामा ती पाहून क्षणभर थबकले, उस्तादांकडे पाहिले आणि खिशात हात घातला.