बागेची खतावणी

दिवाळीच्या पाडव्याला व्यापारी घरात नवी वही उघडली जाते. येणी-देणी तपासली जातात, शिल्लक मालाची मोजदाद होते. अंगणातील किंवा गच्चीवरील बागेलाही याच सुमारास अशा तपासणीची गरज असते. पाऊस परतलेला असतो, ऊन सौम्य झालेले असते, रात्री गार होऊ लागतात. परंतु हाच काळ दुकानातील गर्दीचा आणि घरातील लग्नकार्यांचा. त्यामुळे बाग माळ्यावर सोपवली जाते आणि सर्व कुंड्यांना रोज सारखेच पाणी मिळते. चूक होते ती तेथेच. हिवाळ्याच्या आरंभी काही झाडे जोमाने कामाला लागतात, तर काही विश्रांती घेतात. दोघांची खाती वेगळी ठेवावी लागतात.

विश्रांती घेणाऱ्यांत मोगरा पहिला. नोव्हेंबरपासून त्याचे पाणी हळूहळू कमी करावे आणि खत थांबवावे. काही पाने पिवळी पडून गळाली तरी चिंता नको. जानेवारीच्या अखेरीस छाटणी करून खत-पाणी पुन्हा सुरू केले, की उन्हाळ्यात तो कळ्यांनी भरतो. हिवाळाभर पाणी पीत राहिलेला मोगरा हिरवागार दिसतो खरा, पण फुले देताना हात आखडता घेतो. त्या तोट्याची नोंद मार्गशीर्षातच झालेली असते; तो दिसतो मात्र वैशाखात. परसातील फळावर आलेल्या आंब्याचेही पाणी या दिवसांत थांबवावे. मोहोर येऊन फळे वाटाण्याएवढी झाली, की ते पुन्हा सुरू करावे.

कामाला लागणाऱ्यांत गुलाब अग्रभागी. त्याची छाटणी पाऊस थांबताच ऑक्टोबरात व्हावी. राहिली असल्यास नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरकावी. वाळलेल्या, रोगट आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढाव्यात. कात्री धारदार असावी आणि काप बाहेरच्या बाजूच्या डोळ्याच्या किंचित वर, तिरका घ्यावा. त्यानंतर शेणखत दिल्यास सुमारे ४५ दिवसांनी फुले येतात. शेवंतीचे शेंडे आता खुडू नयेत. कळ्यांच्या भाराने फांद्या वाकू नयेत म्हणून काठीचा आधार द्यावा.

चातुर्मासात ज्या घरी पालेभाजी वर्ज्य असते, तेथे कार्तिकी पौर्णिमेनंतर ती पुन्हा ताटात येते. पाडव्याच्या सुमारास पेरलेली मेथी चार आठवड्यांत खुडण्याजोगी होते. पालकालाही साधारण तेवढाच अवधी पुरतो. कोथिंबिरीसाठी धणे हलकेच रगडून दोन फाकी करून पेरावेत; ते उगवायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून उतावळेपणाने माती उकरू नये. एकाच दिवशी सर्व बियाणे न पेरता दर १० दिवसांनी थोडे थोडे पेरले, तर भाजी हिवाळाभर पुरते.

पाणी नेहमी सकाळी द्यावे. संध्याकाळी ओली झालेली पाने रात्रभर ओलीच राहतात आणि रोगाला वाव मिळतो. बोट पेरभर मातीत घालून पाहावे. आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये. कुंड्यांमध्ये अंतर ठेवून हवा खेळती ठेवावी. कीड पडल्यावर तिचा नाश करण्यापेक्षा ती पडूच नये अशी व्यवस्था करणे केव्हाही श्रेयस्कर. गळालेला कोरडा पाला जाळू नये. तो कुंडीतील मातीवर पसरला, की ओल टिकते आणि कालांतराने त्याचेच खत होते.

आणि एक साधा उपाय. ज्यांना पाणी कमी द्यायचे, त्या कुंड्यांना लाल दोरा बांधावा आणि त्याचा अर्थ माळ्याला समक्ष समजावून सांगावा. या कामाला पाच मिनिटे पुरतात. लग्नसराईच्या धामधुमीत घरातील कोणाचेही बागेकडे लक्ष गेले नाही, तरी तो दोरा मोगऱ्याचे खाते सांभाळून ठेवील.