इराकची उभारणी : कर्तव्य की लुटीची वाटणी?

युद्धात विजय मिळविण्यास सैन्य पुरते. परंतु उद्ध्वस्त केलेला देश पुन्हा उभा करावयाचा म्हणजे न्यायबुद्धी लागते, आणि विजेत्याची खरी कसोटी तेथेच लागते. या कसोटीस अमेरिका इराकमध्ये कितपत उतरली, याचा विचार आज शांत चित्ताने करता येण्यासारखा आहे. युद्धोत्तर उभारणीचा प्रश्न युक्रेनच्या निमित्ताने जगापुढे पुन्हा आलेला असल्यामुळे तो करणे अगत्याचेही आहे.

ता. ५ डिसेंबर २००३ रोजी अमेरिकेचे उपसंरक्षणमंत्री पॉल वुल्फोविट्झ यांनी एक हुकूम काढला. इराकच्या पुनर्रचनेचे सुमारे १,८६० कोटी डॉलर किंमतीचे २६ मुख्य मक्ते द्यावयाचे होते. त्यांसाठी बोली करण्याची मुभा अमेरिका, इराक व युद्धात साथ देणारी राष्ट्रे मिळून अवघ्या ६३ देशांपुरती ठेवण्यात आली. फ्रान्स, जर्मनी, रशिया व कॅनडा यांस दार बंद झाले. रवांडा व पलाऊ यांस मात्र ते उघडे राहिले. कारण सांगितले गेले ते अमेरिकेच्या सुरक्षिततेचे! पाण्याचे नळ आणि विजेच्या तारा फ्रेंच कारखानदाराने घातल्या तर अमेरिकेची सुरक्षितता कशी धोक्यात येते, हे आम्हांस तरी उमगत नाही.

हुकमाच्या समर्थकांचे म्हणणेही ऐकून घेतले पाहिजे. ते म्हणतात, पैसा अमेरिकन करदात्याचा, रक्त मित्रराष्ट्रांच्या शिपायांचे; मग जे संकटात दूर राहिले त्यांनी लाभाच्या वेळी पंक्तीस का बसावे? शिवाय दुय्यम मक्ते सर्वांस मोकळेच होते. हा युक्तिवाद सकृद्दर्शनी सयुक्तिक दिसतो. परंतु तो मूळ हेतूवरच घाव घालतो. हा पैसा इराकी प्रजेच्या हितासाठी असेल, तर काम स्वस्त व चांगले कोण करील एवढाच प्रश्न उरतो. इराकमधील वीज व दूरध्वनी यांची कितीतरी यंत्रसामग्री याच वगळलेल्या देशांच्या बनावटीची होती. ज्याने यंत्र घडविले त्यालाच दुरुस्तीच्या मुख्य कामातून वगळणे हा रोग्यावरचा राग वैद्यावर काढण्याचा प्रकार झाला. आणि हा पैसा मित्रांस बक्षीस म्हणून वाटावयाचा असेल, तर त्यास पुनर्रचना हे नाव देऊ नये. मेलेल्याच्या टाळूवरचे लोणी खाणे असे त्याचे मराठी नाव आहे.

विसंगती येथेच थांबली नाही. त्याच दिवसांत इराकचे कर्ज माफ करावे म्हणून जेम्स बेकर यांस याच राष्ट्रांकडे पाठविण्याचे ठरले. पुढे नोव्हेंबर २००४ मध्ये पॅरिस क्लबच्या धनको राष्ट्रांनी सुमारे ३,८९० कोटी डॉलर कर्जापैकी ऐंशी टक्के सोडून देण्याचे मान्य केले. तोटा सोसण्याच्या वेळी ज्यांची आठवण होते, त्यांस कामाच्या वेळी उंबऱ्याबाहेर उभे करणे हे मुत्सद्देगिरीसही शोभत नाही.

तथापि आमचा मुख्य आक्षेप निराळाच आहे. स्पर्धेचे कुंपण एकदा आखडले म्हणजे ते मित्रांपाशी थांबत नाही, मर्जीतल्यांपर्यंत येते. या हुकमापूर्वीच, मार्च २००३ मध्ये, इराकी तेलक्षेत्राच्या दुरुस्तीचा मक्ता हॅलिबर्टन कंपनीच्या एका शाखेस स्पर्धेवाचून मिळाला होता. अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष डिक चेनी हे २००० पर्यंत त्याच कंपनीचे प्रमुख होते. यात गुन्हा झालाच असे आम्ही म्हणत नाही. पण उघड बोलीचा नियम असतो तो गुन्ह्याप्रमाणेच संशयासही जागा राहू नये म्हणून.

परिणाम काय झाला? अमेरिकेनेच नेमलेल्या विशेष महानिरीक्षकांनी २०१३ मध्ये जो शेवटचा हिशेब दिला, त्यात सुमारे ६,००० कोटी डॉलरांपैकी निदान ८०० कोटी वाया गेल्याचे म्हटले आहे. फलुजा शहराच्या सांडपाण्याची योजना सव्वातीन कोटी डॉलरांत व्हावयाची होती. ती दहा कोटींवर गेली आणि तरीही शहराच्या थोड्याच भागास पुरली. इराकच्या स्वतःच्या तेलाच्या उत्पन्नातील सुमारे ८८० कोटी डॉलरांचा तर हंगामी राजवटीस समाधानकारक हिशेबच देता आला नाही. १९९१ च्या युद्धात मोडलेले पूल व वीजकेंद्रे याच इराकच्या इंजिनियरांनी, निर्बंध सोसत, पुष्कळशी स्वतः उभी केली होती. त्यांच्या पदरी परक्यांच्या हाताखालची किरकोळ कामे आली.

याउलट १९४७ ची मार्शल योजना पाहावी. तीत अमेरिकेचा स्वार्थ नव्हता असे नाही. निम्मा माल अमेरिकन गलबतांतून जावा अशी अट होतीच. परंतु मदत कालच्या शत्रूस, जर्मनी व इटलीस, मिळाली; तटस्थ स्वीडनलाही मिळाली. औदार्य आणि हित यांचा मेळ बसू शकतो, हे तीच अमेरिका पूर्वी जाणत होती.

युक्रेनच्या उभारणीसाठी ता. ३० एप्रिल २०२५ रोजी अमेरिका व युक्रेन यांच्यात गुंतवणूक निधीचा करार झाला आहे. आक्रमकास साहाय्य करणाऱ्यास नफा नको, हे म्हणणे न्याय्य आहे; पण केवळ आपल्या मताशी असहमत झालेल्यास त्याच पंक्तीत बसविणे न्याय्य नाही. काम द्यावयाचे ते उघड बोलीने द्यावे, हिशेब त्या देशाच्या प्रजेपुढे मांडावा, आणि पहिला हक्क तेथील कारागिरांचा मानावा. घर ज्याचे जळाले, बांधणीत पहिला शब्द त्याचाच असला पाहिजे.