घरी येणाऱ्या ताईच्या पाठीशी कोण?

अम्मींना अर्धांगवायूचा झटका आला त्याला येत्या सफरमध्ये दोन वर्षं होतील. अकराव्या दिवशी नागपूरच्या दवाखान्यातून सुट्टी झाली. नाकात नळी होती, उजवी बाजू निकामी होती, आणि निघताना डॉक्टर एवढंच म्हणाले, "आता सगळं घरच्या सेवेवर आहे." घर भंडाऱ्यात. माणसं कमी नव्हती, पण ज्याच्या-त्याच्या मागे काम होतं. मोठी सून जिल्हा परिषदेच्या शाळेवर, धाकटीचं बाळ तीन महिन्यांचं, अब्बांचे गुडघे कामातून गेलेले. शेवटी एका एजन्सीला फोन करून दिवसभराची ताई ठेवली.

ताई साकोलीकडच्या खेड्यातली, बारावी झालेली, पेशंट सांभाळण्याचा सहा महिन्यांचा कोर्स केलेली. हात हलका. अम्मींची कूस बदलताना "बिस्मिल्लाह म्हणा अम्मी" असं म्हणायला ती दोन दिवसांत आमच्याकडून शिकली. आम्हाला वाटलं, चला, अल्लाहने मदत पाठवली.

चौथ्या दिवशी तिला अम्मींच्या माकडहाडाशी रुपयाएवढी लाली दिसली. बोटाने दाबून सोडली की चांगली कातडी क्षणभर पांढरी पडते. ही पडत नव्हती. बेडसोरची ती पहिली खूण असते, आणि हे तिला माहीत होतं. तिने एजन्सीतल्या मॅडमना फोन केला. हवेची गादी लागेल, रात्रीही दर दोन तासांनी कूस बदलावी लागेल, घरच्यांना सांगू का, असं विचारलं. उत्तर आलं, "घरच्यांना घाबरवू नको. पावडर लाव, आणि तुला सांगितलं तेवढं काम कर." ती गप्प बसली. दिवसा ती कूस बदलायची. रात्री अम्मी आमच्याकडे, आणि आम्ही त्यांची झोप मोडू नये म्हणून त्यांना तसंच पडू द्यायचो. दहाव्या दिवशी कातडी फाटली. ती जखम भरायला अडीच महिने लागले. त्या अडीच महिन्यांत अम्मींनी काय सोसलं ते इथे लिहिणार नाही.

आम्ही ताईवर खूप चिडलो. तेव्हा तिने रडत फोनची हकीकत सांगितली. खरं सांगायचं तर चूक आमचीही होती. "आज काय दिसलं?" हा प्रश्न दहा दिवसांत आमच्यापैकी कुणीही तिला विचारला नव्हता. चहा विचारला, जेवण विचारलं, हे नाही.

वाचक भगिनींनो, ही कहाणी रडगाणं म्हणून सांगत नाही. अनेक घरांत आता अशी ताई किंवा असा मुलगा येतो. मुलं पुण्याला, हैदराबादला, आखातात. म्हातारी माणसं मागे. ताई कशी आहे याची आपण दहा ठिकाणी चौकशी करतो. पण तिच्या वर कोण आहे, ते माणूस कसं आहे, हे कुणी विचारत नाही. आमच्या घरात ज्ञान ताईजवळ होतं. कमी पडलं ते वरचं माणूस.

दवाखान्यात एक नर्स चुकली तर शेजारच्या खाटेवरची दुसरी नर्स बघते, राउंडला डॉक्टर येतात, सिस्टर इन्चार्ज कागद तपासते. घरात ताई एकटी असते. समोर आजारी माणूस, आजूबाजूला सल्ले देणारे नातेवाईक, आणि तिच्या बाजूने बोलणारं कुणी नाही. म्हणून घरपोच सेवेत वरच्या माणसाचं महत्त्व दवाखान्यापेक्षाही जास्त आहे, आणि नेमकं तिथेच एजन्सीवाले हिशोब ठेवणारा, फोन उचलणारा, "उद्या दुसरी पाठवतो" म्हणणारा माणूस बसवतात.

हे काम नीट कसं होतं ते बघायला दूर जायची गरज नाही. आपल्याच झाडीपट्टीतल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. आरोग्यदूत म्हणून निवडल्या गेल्या त्या गावातल्याच बाया, पाचवी ते दहावी शिकलेल्या. बाळाचं वजन, ताप, श्वास मोजणं, गारठलेल्या बाळाला ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखणं आणि गरज पडली तर इंजेक्शन देणं, हे सगळं त्या शिकल्या. तिसऱ्या वर्षापर्यंत या गावांतला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी खाली आला. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आलं आणि जगभर गाजलं. पुढे २०११ पासून देशभरातल्या आशाताईंच्या कामात घरच्या घरी नवजात काळजीचा समावेश झाला. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाताई दारात येते, ती याच वाटेने.

हे सांगताना बहुतेक लोक इंजेक्शनवर थांबतात. आम्हाला त्यातली दुसरी गोष्ट मोठी वाटते. दर पंधरा दिवसांनी डॉक्टर गावात यायचे ते बाळाला औषध द्यायला नव्हे, तर आरोग्यदूताची नोंदवही तपासायला, चूक दाखवायला आणि तिथेच ती दुरुस्त करून शिकवायला. म्हणजे त्या बाईच्या पाठीशी एक माणूस उभं होतं, आणि ते येणार हे तिला माहीत होतं. चूक लपवून फायदा नव्हता, कबूल करून नुकसान नव्हतं.

आज आशाताईंच्या पाठीशी असं माणूस म्हणजे गटप्रवर्तक. साधारण वीसेक आशांमागे एक. भंडारा जिल्ह्याचे तालुके सात: भंडारा, तुमसर, मोहाडी, पवनी, साकोली, लाखनी, लाखांदूर. धानाच्या बांध्यांमधल्या कच्च्या रस्त्यांनी गावोगाव स्कुटीवर फिरणारी बाई दिसली तर ती बहुधा गटप्रवर्तक असते. आमच्या ओळखीतल्या एकीची पद्धत आम्ही जवळून पाहिली आहे. नवी आशा रुजू झाली की पहिल्या काही गृहभेटींना ती स्वतः सोबत जाते, पण दारात मागे उभी राहते. बोलू देते आशेलाच. सासूने "बाळाला मध चाटवला तर काय होतं?" म्हणून डोळे वटारले तरी ही मध्ये पडत नाही. रस्त्यावर आल्यावर विचारते, "आता परत गेलीस तर वेगळं काय सांगशील?" तिच्या गटातल्या दोन आशांना ती आपल्या गैरहजेरीत बैठक घ्यायला लावते. आजारी पडली तर काम अडत नाही. कुणी शिकवलं विचारलं तर हसते, म्हणते, "माझ्यावर ओरडणाऱ्यांनी."

आणि या बाईला सरकार काय देतं? गटप्रवर्तकांचा मोबदला मुख्यतः भेटींच्या हिशोबाने, प्रवासखर्चासारखा मिळत आला. ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यातल्या आशा आणि गटप्रवर्तक संपावर गेल्या तेव्हा आपल्याला कंत्राटी कर्मचाऱ्यांचा दर्जा द्यावा ही गटप्रवर्तकांची मोठी मागणी होती. त्याआधी, मे २०२२ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांचा सन्मान केला होता. पुरस्काराचं नाव 'ग्लोबल हेल्थ लीडर्स', म्हणजे नेते. नेतेपद जिनिव्हात मिळालं आणि पेट्रोलचे पैसे मुंबईच्या आझाद मैदानावर बसून मागावे लागले, यावर आम्ही आणखी काय बोलणार?

एकटीने हे काम होत नाही, हे जुनं दुखणं आहे. १८५९ साली इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरात विल्यम रॅथबोन नावाच्या व्यापाऱ्याची बायको वारली. तिची सेवा मेरी रॉबिन्सन या नर्सने केली होती. आपल्या घरी पैसा होता म्हणून ही सेवा मिळाली, गरिबांचं काय, असं त्याच्या मनात आलं. त्याने मेरीबाईंना पगार देऊन गरीब वस्तीत घरोघर पाठवलं. थोड्याच दिवसांत त्या रडत परत आल्या. इतकं दैन्य बघवत नाही, मला मोकळं करा म्हणाल्या. रॅथबोनने समजूत घातली, त्या थांबल्या, आणि हळूहळू त्यांच्या हातून माणसं बरी होऊ लागली. पुढे नर्सिंगची शाळा निघाली, शहराचे अठरा भाग पडले, प्रत्येक भागाला एक नर्स आणि तिला सामान, अन्न, आधार पुरवणारी एक देखरेख करणारी बाई. गावोगावच्या परिचारिकांची पद्धत तिथून वाढली. मेरीबाई रडत आल्या त्या दिवशी समोर आमच्या एजन्सीतल्या मॅडम असत्या तर? "उद्या दुसरी पाठवतो."

आपल्या देशात याहून जवळचा नमुना केरळातल्या मलप्पुरमचा. मुस्लिम बहुसंख्येचा जिल्हा. तिथे २००१ च्या सुमारास बरे न होणाऱ्या आजारांच्या रुग्णांसाठी शेजारसेवेचं जाळं उभं राहिलं. शेजारच्या कोळिकोडमध्ये डॉक्टरांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या कामाचीच ही पुढची पायरी. फरक असा की मलप्पुरममध्ये सूत्रं गावाकडे गेली. शिक्षक, दुकानदार, विद्यार्थी, घरातल्या बाया यांना प्रशिक्षण देऊन स्वयंसेवक केलं गेलं. घरी जाणाऱ्या पथकाची सूत्रं नर्सच्या हाती, डॉक्टर गरजेपुरते. पैसा लहान-लहान देणग्यांतून. २००८ मध्ये केरळ सरकारने यासाठी राज्याचं धोरणच केलं. एखाद्या घरात तांदूळ संपला आहे, पोरीची शाळा सुटली आहे, हे स्वयंसेवकाला डॉक्टरच्या आधी कळतं. जखमेइतकंच तेही उपचारात येतं, असं तिथे मानतात. अयादत आपल्याकडेही होते. दहा माणसं येतात, दुआ करतात, सरबत पिऊन जातात, आणि पेशंटची कूस तशीच राहते.

आता घरातली गोष्ट. तुमसरची आमची भाची जीएनएम झालेली. नागपुरात एका घरपोच सेवा देणाऱ्या संस्थेत तीन वर्षं काम केलं. गेल्या महिन्यात त्यांनी तिला भंडारा जिल्ह्याची सुपरवायझर व्हायला सांगितलं. हाताखाली चौदा बाया. घरात बैठक बसली. मामूंचं म्हणणं, परक्यांच्या घरात जायचं, वेळी-अवेळी फोन, बायकांची भांडणं सोडवायची, मुलीच्या जातीला हे शोभत नाही. त्यांना आम्ही एवढंच विचारलं की सीरतच्या जलशात तुम्हीच रुफैदा (रजि.) यांचं नाव घेता ना? मदीनेत मशिदीपाशी त्यांचा तंबू होता, खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या साद बिन मुआज (रजि.) यांना तिथेच ठेवलं गेलं होतं. तंबू सांभाळायचा म्हणजे काय फक्त पट्ट्या बांधायच्या? माणसं लावायची, सामान जमवायचं, कुणाला आधी बघायचं ते ठरवायचं. मामू थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पण स्कुटी रात्री चालवायची नाही." हे आम्हाला मान्य होतं, रस्ते बघता मुलानेही चालवू नये.

भाची आमच्याकडे आली ती वेगळंच विचारायला. "खालाजान, तुमच्या ताईच्या मॅडमचं नेमकं कुठे चुकलं?" आम्ही सगळं सांगितलं. अम्मींनी पलंगावरून ऐकलं. तिने वही काढली, आणि आमच्या तोंडून जे निघालं त्यातलं तिला पटलं तेवढं लिहून घेतलं. नव्या घरी पहिल्या दिवशी ताईबरोबर स्वतः जायचं आणि कातडी, गिळणं, लघवीची नळी हे तीन स्वतः बघायचं. घरच्यांना आपला नंबर द्यायचा आणि ताईसमोर सांगायचं की ती जे सांगेल ते माझं सांगणं समजा. वाईट बातमी घेऊन आलेल्या फोनवर आधी "बरं झालं कळवलंस" म्हणायचं, मग बाकीचं. महिन्यातून एकदा चौदा जणींना एकत्र बसवायचं, कारण या बाया एकमेकींना कधी भेटतच नाहीत. ज्या घरात ताईला वाईट वागणूक मिळते तिथून तिला काढायचं, एजन्सीचं गिऱ्हाईक गेलं तरी. हे शेवटचं लिहिताना तिचा पेन थांबला. मालक ऐकतील का? आम्हाला माहीत नव्हतं. लिहून ठेव म्हटलं.

एक आमचं जास्तीचं. चौदा जणींमधली एखादी बारावी झालेली, हुशार, पण इंग्रजी न येणारी असेल, तर तिला आत्तापासून हाताशी घे. एजन्सीवाले सुपरवायझर बाहेरून आणतात, गोड इंग्रजी बोलणारी. जिने कधी पेशंटची कूस बदलली नाही तिला लाली काय कळणार? आमच्या ताईला कळली होती. ती आता कुठे आहे ते शोधायला भाचीला सांगितलं आहे. साकोलीला नसेल तर गोंदियाला असेल, कुठेतरी कुणाच्या तरी आईजवळ बसलेली असेल.

भाचीने होकार कळवला तो अटीवर. आठवड्यातले तीन दिवस घरभेटींचे, ऑफिसचे नाहीत. ते मालकांनी मानलं. पेट्रोलचं अजून ठरलेलं नाही. सोमवारी ती पहिल्या फेरीला पवनीकडे जाणार आहे, दोन घरं आहेत, एक कॅन्सरचे आजोबा आणि एक मांडीचं हाड मोडलेली आजी. अम्मींना अजून नीट बोलता येत नाही, पण डाव्या हाताने त्यांनी आपली हवेची गादी दाखवली आणि मग दाराकडे. आम्ही समजलो नाही. भाची समजली. त्या आजीकडे गादी आहे का, ते आधी फोन करून विचार, असं त्या म्हणत होत्या.