पदरमोड करणाऱ्या ग्रंथकाराचा दिवस

पुस्तक छापणे आजच्याइतके सोपे पूर्वी कधीच नव्हते. खिळे जुळविणारे गेले, शिशाचे फर्मे गेले. पूर्वी मोठी आवृत्ती काढल्याखेरीज छापखानेवाला दारात उभा करीत नसे. तो आता पन्नास प्रतीही आनंदाने काढून देतो. त्यामुळे कचेरीतले कारकून, बँकेतली माणसे, शाळामास्तर, निवृत्तीला टेकलेले अभियंते अशी पुष्कळ मंडळी स्वतःच्या खर्चाने पुस्तके काढू लागली आहेत. त्यांच्याविषयी दोन मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, लेखक आता प्रकाशकाच्या उंबरठ्यावरून सुटला, स्वतंत्र झाला. दुसरा म्हणतो, ज्याला प्रकाशक मिळत नाही तोच पदरमोड करतो, त्या पुस्तकांचे एवढे काय! दोन्ही पक्ष पुस्तकाकडे पाहतात; पुस्तक काढणाऱ्याच्या दिवसाकडे कोणी पाहत नाही. मला वाटते, खरा प्रश्न त्या दिवसातच दडलेला आहे.

हे मी लांबून बोलत नाही. माझे वडील राजवाड्याच्या पदरी गवई होते. बडोदे संस्थान १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झाले, तरी राजवाड्यातील सणवार आणि त्या निमित्ताने होणारे गाणे एकदम थांबले नाही. त्या उत्तरकाळातले ते गवई. त्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकून उतरविलेल्या बंदिशींच्या अकरा वह्या माझ्याकडे आहेत. शाई फिकी पडत चालली आहे. काही चिजांचे अंतरे त्या वह्यांखेरीज मला कोठेच आढळले नाहीत. व्यापारी प्रकाशकाला अशा पुस्तकात रस नसावा, यात त्याचा दोष नाही. जुन्या बंदिशी, त्या स्वरलिपीत, विवेचन मराठीत, आणि विक्री गुजरातेत. गिऱ्हाईक ते किती मिळणार? म्हणून पहिल्या भागाच्या तीनशे प्रती मी स्वतःच काढल्या. दुसरा भाग चालू आहे.

आता दिवसाचा हिशेब मांडतो. पहाटे साडेचारला उठणे, सहापर्यंत लेखन. सहा ते सात स्वतःचा रियाज. तो सोडला तर शिकविण्याचा अधिकारच उरत नाही. सात ते नऊ शिकवण्या, साडेअकरा ते पाच शाळा, सहा ते साडेआठ पुन्हा वर्ग. जेवणानंतर तासभर मुद्रिते. म्हणजे चोवीस तासांपैकी लेखनाला मिळतो तो पहाटेचा दीड तास. तेवढा पुरतो. नेमाने बसले तर दीड तासात आठवड्याला दोन बंदिशी शुद्ध होऊन उतरतात, वर्षाला शंभरी गाठता येते. नोकरी लेखनाच्या आड येते असे म्हणण्याची पद्धत आहे. मला ते फारसे पटत नाही. पगार हाच माझा आश्रयदाता आहे, आणि तो माझ्याकडून स्तुतीही मागत नाही. आड येते ते निराळेच.

पहिली गोष्ट मुद्रितांची. भातखंडे पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ येते, तीव्र मध्यमावर उभी. मंद्राचा बिंदू खाली, ताराचा वर. एका मात्रेत अनेक स्वर आले की त्यांखाली अर्धचंद्र. संगणकाच्या नेहमीच्या देवनागरी अक्षरांत ही चिन्हे सुखाने बसत नाहीत. पान थोडे सरकले की रेघ शेजारच्या स्वराखाली जाते. यमनातल्या मध्यमावरची रेघ गळली तर कागदावर बिलावलाचे स्वर उरतात, आणि शिकणारा मुलगा छापलेले तेच खरे मानतो. म्हणून एकेक पान चार वेळा तपासावे लागते. हे काम मोठ्या प्रकाशनगृहात पगारी माणूस करतो. येथे ते रात्री साडेनऊनंतरचे डोळे करतात.

दुसरी गोष्ट पुस्तक निघाल्यावरची. ग्रंथक्रमांकासाठी राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडे अर्ज करावा लागतो. तो विनामूल्य असतो, पण कागदपत्रे आपणच जुळवायची. १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रसिद्धीपासून तीस दिवसांच्या आत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास आणि आणखी तीन सार्वजनिक ग्रंथालयांस एकेक प्रत स्वखर्चाने पाठवावयाची. मग टपाल. नोंदणीकृत ग्रंथ-टपालाची जुनी स्वस्त सोय डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली, तेव्हा छोट्या प्रकाशकांची मोठी अडचण झाली. १ मे २०२५ पासून टपाल खात्याने ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केले. आरंभीचा दर तीनशे ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये, अधिक कर. ही सोय चांगली आहे, तिचे स्वागतच केले पाहिजे. पण टपालकचेरी उघडी असते तेव्हा नोकरदार ग्रंथकार आपल्या कामावर असतो. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तु व सेवा कराचे दर बदलले; छापील पुस्तकावर कर नाही, मात्र छपाईच्या कागदावरचा कर १२ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेला. तो भार प्रकाशक अनेक पुस्तकांवर वाटून टाकतो. ज्याचे एकच पुस्तक आहे त्याने तो कशावर वाटावा?

यांतली प्रत्येक गोष्ट लहान आहे. सगळ्या मिळून मात्र पहाटेचा तो दीड तास खातात. पुस्तक निघाल्यानंतरचे पाच महिने माझी पहाट पुडकी बांधण्यात, पत्ते लिहिण्यात, पैसे आले की नाही हे पाहण्यात आणि आठवणपत्रे धाडण्यात गेली. त्या काळात दुसऱ्या भागाचे एक पानही झाले नाही. माझ्या ओळखीच्या स्वखर्ची ग्रंथकारांपैकी पुष्कळांचे दुसरे पुस्तक निघत नाही, त्याचे कारण प्रतिभा आटली हे नव्हे. पहिल्या पुस्तकाची कारकुनी संपता संपत नाही.

येथे आपल्या शहराचा पूर्वेतिहास आठवतो. सयाजीराव महाराजांनी ग्रंथप्रकाशनासाठी दोन लाख रुपयांची ठेव वेगळी काढली आणि तिच्या व्याजातून सयाजी साहित्यमाला व सयाजी बालज्ञानमाला निघाल्या. १९१० साली बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बोलावून त्यांनी ग्रंथालयांची व्यवस्था लावली. पुस्तकांच्या फिरत्या पेट्या खेड्यापाड्यांत जात. लेखकाने लिहावे, खात्याने छापावे, ग्रंथालयाने पोहोचवावे, अशी ती साखळी होती. दरबारचे दिवस सोन्याचे होते असे मी म्हणणार नाही. गवयाच्या घरात वाढलेल्यास मर्जी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. कोणते पुस्तक निघावे हे लेखक ठरवीत नसे. परंतु एक गोष्ट त्या व्यवस्थेने ओळखली होती. लिहिणाऱ्याचे काम आणि पुस्तक हिंडविण्याचे काम ही दोन माणसांची कामे आहेत.

आमच्या संगीतक्षेत्रातच याचे दोन दाखले आहेत. पंडित भातखंडे हे वकिलीचा पेशा सांभाळून संगीताचा अभ्यास करीत; १९१६ साली बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली ती त्यांच्याच खटपटीने. पण त्यांच्या ग्रंथांच्या प्रकाशनाचे काम भालचंद्र सीताराम सुकथनकर यांनी पाहिले. उलट पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांनी विद्यालय, स्वरलिपीची पुस्तके, त्यांचा छापखाना हा सारा व्याप स्वतःच्या शिरावर घेतला. पुढे कर्जापायी मुंबईतील विद्यालयाची इमारतही हातची गेली. थोरवीत कोणी कमी नाही. तथापि एवढ्या मोठ्या माणसांनाही सोबत्याची गरज होती, हे आजच्या एकट्या ग्रंथकाराने ध्यानात घ्यावे.

कोणी म्हणेल, मग हे सारे छापावेच कशाला? चाळणी नाही, कोणीही उठतो आणि छापतो. या आक्षेपात तथ्य आहे. संगीतात गुरूने ‘अजून नाही’ म्हटले की शिष्य मैफिलीत बसत नाही. स्वखर्ची ग्रंथकारास ‘अजून नाही’ म्हणणारे कोणी नसते. छापखानेवाला तर म्हणणारच नाही. पण याचा उपाय पुस्तक न काढणे हा नव्हे. तो शब्द वेळेवर आणि आपुलकीने सांगणारे कोणी असावे, हा आहे.

२०१८ साली मराठी साहित्य संमेलन बडोद्यास भरले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. दोन्ही वेळा आपण मनःपूर्वक टाळ्या वाजविल्या. आता येथील मराठी संस्थांनी आणि वाचनालयांनी तीन साध्या गोष्टी कराव्यात असे सुचवावेसे वाटते. पहिली, तिघाजणांचे वाचनमंडळ: छापण्यापूर्वी हस्तलिखित वाचून स्पष्ट अभिप्राय देणारे. दुसरी, शहरातल्या स्वखर्ची ग्रंथकारांच्या प्रती एके ठिकाणी ठेवून आठवड्यातून एक दिवस टपालाचे काम उरकणारा एखादा विद्यार्थी, त्याला रीतसर मानधन देऊन. तिसरी आणि महत्त्वाची, वाचनालयांनी स्थानिक पुस्तकाच्या निदान दोन प्रती विकत घ्याव्यात. भेटप्रत मागू नये. विकत घेतलेल्या पुस्तकाची नोंद होते, चौकशी होते, ते वाचले जाते. या तिन्हींस लागणारा पैसा एका सत्कारसमारंभाच्या खर्चाहून फार होणार नाही.

राजाश्रय गेला म्हणून हळहळण्यात अर्थ नाही. आश्रयदात्याची थैली आता प्रत्येक नोकरदाराच्या खिशात थोडीथोडी आहेच. उणीव आहे ती राजाश्रयामागच्या कारकुनाची आणि ग्रंथपालाची. तेवढे काम समाजाने उचलले तर लिहिणाऱ्याची पहाट लिहिण्यास मोकळी राहील. न उचलले तर पुस्तके पुष्कळ निघतील, पण जी खरोखर निघावयास हवीत ती वह्यांतच राहतील. आणि शाई कोणासाठी थांबत नाही.